पिवळ्या पायांची कोंबडी

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या मामांचे गाव आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथे जाण्याचा योग आला. सोबत नववीत गेलेली मुलगी आणि आमच्या कार्यालयातील एक सहकारी होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. एका कोपऱ्यात कोंबड्या विकणारे बसले होते. त्यातल्या एकाने आमचे कपडे पाहून हळूच टोपलीवरचे फडके बाजूला केले. आत पाय बांधलेला एक डौलदार कोंबडा होता. "साहेब, रानातला हाये. अस्सल रानकोंबडा," तो कुजबुजला आणि साध्या गावरानाच्या तिप्पट भाव सांगितला.

सहकाऱ्याचा हात खिशाकडे गेला. मामा मात्र खाली बसले. त्यांनी कोंबड्याच्या मानेवरची पिसे बोटांनी उलटी केली आणि हसले. "याच्या मानीवर टिकल्या कुठी हायेत? हा त कोणाच्या तरी उकिरड्यावरचा हाये. अन् खरंच रानातला असता, त घेणारा अन् विकणारा दोघंबी कोर्टाच्या चकरा मारत बसले असते." विकणाऱ्याने फडके टाकले आणि तो दुसरीकडे पाहू लागला. माझा सहकारी घरी येईपर्यंत फारसे बोलला नाही.

वाटेत मुलीने विचारले, "पप्पा, रानकोंबडा आणि घरची कोंबडी यांची जात एक की दोन?"

मी बी. कॉम. झालेला लिपिक. फायली, आवक-जावक आणि नमुन्यातले रकाने भरण्यात माझी वीस वर्षे गेली. माणसांच्या जातीचा रकाना मी हजारो वेळा तपासला आहे. पक्ष्यांच्या जातीचा रकाना कोण भरतो आणि कोणत्या पुराव्यावर, हे मला ठाऊक नव्हते. तिला म्हटले, शोधून सांगतो. मग वाचनालयातून पुस्तके आणली, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते मुलीला सांगितले. ते इतके मजेशीर निघाले की आपल्या वाचक बंधू-भगिनींनाही सांगावेसे वाटले. विशेषतः ज्यांच्या अंगणात चार कोंबड्या आहेत, त्या माता-भगिनींना.

मामा ज्या टिकल्यांविषयी बोलत होते, तेथूनच सुरुवात करू. आपल्याकडच्या रानकोंबड्याला पुस्तकात राखी रानकोंबडा म्हणतात. अंग करड्या राखेच्या रंगाचे, शेपूट काळी, जांभळट झाक मारणारी. मानेवर मात्र काळसर लांब पिसांची झूल असते आणि त्या प्रत्येक पिसावर पिवळट पांढरे ठिपके असतात. हे ठिपके साधे रंगाचे नसतात. तेथे पिसाचा भाग चपटा आणि घट्ट होऊन लाखेचा थेंब वाळल्यासारखा चकाकतो. या पिसांपायी या पक्ष्याचे फार नुकसान झाले. विलायतेत गळाने मासे धरण्याचा शौक असणारे लोक गळावर बांधायला खोटी माशी बनवतात, तिच्यासाठी ही चकाकणारी पिसे त्यांना हवी असत. आपल्या डोंगरातले कोंबडे मारून त्यांच्या मानेची कातडी बोटीने परदेशी जात. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. मामांनी कोर्टाचे नाव घेतले ते या कायद्यामुळे.

रानातली कोंबडी नराहून अगदी वेगळी दिसते. तपकिरी पाठ आणि पांढऱ्या छातीवर खवल्यांसारख्या काळसर कडा. ती पाचोळ्यात बसली की चार पावलांवरून दिसत नाही. खाणे म्हणजे वाळवी, किडे, गवताचे बी, बोरे, घाणेरीची फळे. सह्याद्रीत कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते आणि तिचे बी पडते, तेव्हा हे पक्षी तेथे जमतात. बांबूला बी धरले की तेथेही जमतात. आरवणे मात्र आपल्या अंगणातल्या कोंबड्यासारखे अजिबात नाही. कुक् काया काया कुक् असे तुटक तुटक ओरडणे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कोंबडा आहे हे पटतच नाही.

हा राखी रानकोंबडा जगात फक्त भारतात सापडतो. दक्षिणेपासून सह्याद्री, सातपुडा आणि वर अबूच्या डोंगरापर्यंत त्याचे राज्य. आपल्या शेजारच्या मेळघाटात तो आहे. आपल्या जिल्ह्यातले अंबाबरवा अभयारण्य मेळघाटालाच लागून आहे. ते 1997 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 127 चौरस किलोमीटर आहे. मामांनी तरुणपणी वनखात्याच्या रोपवनात रोजंदारी केली. त्यांना या पक्ष्याची ओळख पुस्तकातून झालेली नाही.

दुसरा आहे लाल रानकोंबडा. हा लाल-सोनेरी, हुबेहूब आपल्या गावरान कोंबड्यासारखा, फक्त अंगाने सडपातळ. याचे पाय सलेटी, म्हणजे पाटीच्या दगडाच्या रंगाचे. आरवतोही घरच्यासारखाच, फक्त शेवटचा सूर एकदम तोडतो. तो हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडच्या जंगलात आणि पुढे ब्रह्मदेश, थायलंड, इंडोनेशियापर्यंत आहे. आपल्याकडे जेथे सालवृक्षाचे जंगल तेथे लाल आणि जेथे साग तेथे राखी, असे ढोबळ गणित पक्षितज्ज्ञ पूर्वीपासून सांगत आले आहेत. याखेरीज श्रीलंकेत एक आणि जावा बेटाच्या बाजूला हिरवा असा एक. एकूण चार रानकोंबडे. राखी कोंबड्याला शास्त्रीय नाव देताना हॉलंडच्या टेमिंक या पक्षितज्ज्ञाने 1813 साली फ्रेंच प्रवासी सोनेरा याचे नाव त्याला जोडले. आपल्या रानातला पक्षी आणि नाव परक्या पाहुण्याचे! नामकरणाच्या इतिहासात हे नेहमीचेच आहे.

आता प्रश्न असा की आपल्या अंगणातली कोंबडी यातल्या कोणाची लेक?

चार्ल्स डार्विनने या प्रश्नावर बराच विचार केला होता. पाळीव जनावरांवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1868 साली निघाला. त्यात त्याने निकाल दिला की साऱ्या पाळीव कोंबड्या एकट्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. कारणे सरळ होती. रंग जुळतो, आवाज जुळतो आणि लाल कोंबड्याचा घरच्या कोंबडीशी सहज वंश चालतो. राखीचा आवाज वेगळा, पिसे वेगळी आणि घरच्या कोंबडीशी त्याची जोडी लावली तर पुढची प्रजा नीट धरत नाही. पुष्कळ अंडी फुकट जातात. म्हणून डार्विनने राखीला वंशावळीतून बाद केले. पुढे 140 वर्षे शाळा-कॉलेजांत हेच शिकवले गेले.

निकाल बराचसा बरोबर होता. 2020 साली जगभरच्या 863 कोंबड्या आणि रानकोंबड्यांची संपूर्ण जनुकीय मांडणी तपासली गेली, तेव्हाही घरच्या कोंबडीचे मुख्य मूळ लाल रानकोंबड्यातच सापडले. चीनचा नैर्ऋत्य भाग, उत्तर थायलंड आणि म्यानमार या टापूतला त्याचा एक उपप्रकार तिला सर्वांत जवळचा निघाला. कोंबडी पाळण्याचा काळही पूर्वी समजत होते त्याहून अलीकडचा ठरला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायलंडमधील बान नोन वाट या जागची हाडे सर्वांत जुनी खात्रीची मानली गेली, आणि ती साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची आहेत. माणसाने कोरडवाहू भात आणि भरड धान्य पेरले, दाण्याच्या आशेने रानकोंबडा वस्तीजवळ आला आणि राहिला, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. आपल्या शेतातल्या खळ्याभोवती पाखरे कशी जमतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

पण डार्विनच्या निकालात एक फट राहिली होती, आणि ती होती कोंबडीच्या पायात.

आपल्या घरच्या कोंबड्यांचे पाय नीट पाहा. काहींचे हळदीसारखे पिवळे, काहींचे सलेटी, काहींचे हिरवट. लाल रानकोंबड्याच्या कातडीत पिवळेपणा नसतो. मग सगळ्या कोंबड्या एकट्या त्याच्याच वंशातल्या, तर हा पिवळा रंग आणला कोणी?

याचे उत्तर 2008 साली मिळाले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात लाइफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिवळ्या रंगामागचे जनुक शोधून काढले. गोष्ट अशी आहे. मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांत पिवळे रंगद्रव्य असते. ते कोंबडीच्या पोटात जाते. लाल रानकोंबड्याच्या कातडीत एक विकर असते आणि ते या रंगद्रव्याचे तुकडे करून टाकते. म्हणून कातडी पांढरी राहते. पिवळ्या पायांच्या कोंबडीत हे विकर बनवणारे जनुक असते, पण कातडीपुरते ते बंद पडलेले असते. रंग तोडणारा कोणी नाही, म्हणून रंग साठतो. संशोधकांनी मग पिवळ्या कोंबड्यांचा हा जनुकीय तुकडा वेगवेगळ्या रानकोंबड्यांशी ताडून पाहिला. लालशी तो जुळेना. जुळला तो राखी रानकोंबड्याशी! 2020 मधील आणखी एका अभ्यासात राखीचे इतर अंशही पाळीव कोंबड्यांत सापडले.

म्हणजे डार्विनने ज्याला बाद केले तो वंशावळीत होताच. जगभरच्या अंगणांत आणि पोल्ट्री फार्मवर आज पिवळ्या पायांच्या जेवढ्या कोंबड्या फिरतात, त्यांच्या कातडीत आपल्या डोंगरातल्या पक्ष्याची एक खूण आहे. आणि हा पक्षी भारताबाहेर रानात नाहीच, तेव्हा ही जोडी भारतातच कोठेतरी जमली असली पाहिजे. रानाच्या कडेला झोपडी बांधून, चार कोंबड्या मोकळ्या सोडून राहणारे जे लोक होते, त्यांच्या उकिरड्यावर हे घडले असणार. त्या लोकांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. गावाच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांची नावे तशीही बखरीत येत नाहीत.

मुलीने येथे चांगला प्रश्न विचारला. राखी आणि गावरान यांची प्रजा नीट धरत नाही म्हणता, मग एवढी वस्तू पुढे आली कशी? मी तिला हिशेबाच्या भाषेत सांगितले. पहिला संकर म्हणजे निम्मा राखी, निम्मा गावरान. अशा पिल्लांतली फार थोडी जगतात आणि त्यातल्या थोड्यांनाच पुढे पिल्ले होतात. पण एखाद्याला झाली, आणि ती गावातल्याच कोंबड्यांशी, तर पुढच्या पिढीत राखीचा हिस्सा 1/4 उरतो. मग 1/8, मग 1/16. आठव्या पिढीत 1/256. खात्यात नावाला शिल्लक राहावी तसा. बाकीचे सगळे गेले तरी एखादा तुकडा टिकतो, आणि लोकांना पिवळ्या पायांची कोंबडी आवडली तर तो तुकडा वाढतही जातो. शिवाय हे जनुक लपून राहणारे आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही आले तरच पाय पिवळे होतात. एकच आले तर कोंबडी पांढऱ्या कातडीची दिसते आणि पिवळेपणा पोटात बाळगून पुढे देते. म्हणूनच कधी कधी सलेटी पायांच्या जोडीच्या पोटी हिरवट पायांचे पिल्लू निघते आणि आजीबाई म्हणतात, हे कोणाचे अंडे मिसळले? कोणाचेही मिसळलेले नसते. कातडीच्या खालच्या थरात काळा रंग आणि वर पिवळा असला की पाय हिरवट दिसतात. वर पिवळा नसला की सलेटी. आपल्याकडे अलीकडे मान मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथचा काळा रंग हे आणखी निराळे प्रकरण आहे. त्यात काळे रंगद्रव्य मांस-हाडापर्यंत उतरते.

एक उपयोगाची गोष्ट जाता जाता. पिवळ्या पायांची कोंबडी भरपूर अंडी देऊ लागली की तिचे पाय फिके पडत जातात, कारण रंग बलकात जातो. आधी गुदाभोवतालचा भाग, मग डोळ्यांची कड, मग चोच आणि शेवटी पाय. अंडी थांबली की याच क्रमाने रंग परत भरतो. बाजारात कोंबडी घेताना पिवळेधमक पाय पाहून भुलू नये. फिक्या पायांची बाई कष्टाळू असते, असे माझ्या मामीचे म्हणणे आहे. तिने हे कोणत्या विद्यापीठात शिकले ते विचारायचे राहून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लाल आणि राखी यांची जात एक की दोन?

पक्ष्यांची जाती ठरवण्याची जी कसोटी आज सर्वांत प्रसिद्ध आहे, ती अर्न्स्ट मायर या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या शास्त्रज्ञाने 1942 साली मांडली. रंग किंवा आकार यावर त्याने भर दिला नाही. निसर्गात ज्यांचा आपसात वंश चालतो आणि जे इतरांपासून वंशाच्या बाबतीत अलग राहतात, तो समूह म्हणजे एक जाती. मायर तरुणपणी न्यू गिनी या बेटावर पक्षी गोळा करीत हिंडला होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे हे बेट डोंगरांनी भरलेले आहे. तेथे फुलातला मध आणि किडे खाऊन राहणारे मधभक्षी पक्षी आहेत. त्यातले दोन उंच डोंगरात राहतात. एक बेलफर्डच्या नावाचा, दुसरा पिवळ्या भुवईचा. कित्येक डोंगरांवर पिवळ्या भुवईचा खालच्या अंगाला आणि बेलफर्डचा वरच्या अंगाला, अशी वाटणी आहे. पण काही ठिकाणी ही वाटणी मोडते आणि दोघांची मिसळण झालेले, मधल्याच चेहऱ्याचे पक्षी सापडतात. मायर आणि गिलियार्ड यांनी 1952 साली यावर लेख लिहिला. मायरने स्वतःच सांगितलेली कसोटी अशा डोंगरात किती अडचणीत येते, हे त्यावरून दिसते. तरीही शास्त्रज्ञ आजवर त्या दोघांना दोनच जाती मानतात, कारण मिसळण काही पट्ट्यांपुरती राहिली. सगळीकडे पसरून दोघांचे एक झाले नाही.

आपल्याकडच्या रानकोंबड्यांचे असेच आहे. पचमढीच्या डोंगरात सालाचे जंगल आहे, तेथे लाल आहे आणि भोवती राखीचा मुलूख आहे. गोदावरीच्या खोऱ्यातही दोघांच्या हद्दी भिडतात. अशा जागी संकर झाल्याच्या नोंदी आहेत. पण लाल आणि राखी वीस-तीस लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि आजही ते वेगळेच आहेत. हद्दीवर थोडी सरमिसळ, आत मात्र स्वतंत्र. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागले. लाल आणि राखी या दोन जाती. घरची कोंबडी मात्र लालचीच जात, राखीचा चिमूटभर हात लागलेली.

नुसत्या दिसण्यावरून रकाना भरला की काय होते, त्याचेही एक उदाहरण आहे. आपल्या कुंपणावर येणारा लालबुड्या बुलबुल सर्वांना माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आताच्या पाकिस्तानातील कोहाट भागातून एक निराळाच बुलबुल मिळाला आणि साहेबांनी त्याला नव्या जातीचे नाव देऊन टाकले. पुढे कळले की तो लालबुड्या आणि पांढऱ्या गालाचा बुलबुल यांचा संकर आहे. सिबली आणि शॉर्ट यांनी 1959 साली या बुलबुलांच्या संकरावर सविस्तर लिहिले. नवी जात कागदावरच जन्मली आणि कागदावरच संपली.

हे सर्व वाचत असताना एक गोष्ट मनातून जाईना. आपल्या भाषेत पक्ष्याची ती जाती आणि माणसाची ती जात. शब्द एकच, आणि या एका शब्दाने किती घोटाळा केला आहे! सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे हाच वाद घेऊन येतात, की माणूस जन्माने श्रेष्ठ होतो की कर्माने. तथागत त्यांना गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे आणि आकाशातले पक्षी एकेक करून दाखवतात. यांच्यात जन्माची वेगवेगळी खूण आहे, माणसात तशी खूण दाखवा, असा त्यांचा सवाल आहे. मायरच्या कसोटीच्या अडीच हजार वर्षे आधीचा हा सवाल. त्या कसोटीने पाहिले तर जगातली सगळी माणसे एकाच रकान्यात बसतात. कोणाचाही कोणाशी वंश चालतो. पक्ष्यांमध्ये वंश चालत नाही म्हणून जाती वेगळ्या राहतात. माणसांत वंश चालतो, म्हणून तर तो चालू नये यासाठी पहारे बसवावे लागले. परमपूज्य बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात नेमके या पहाऱ्यावर बोट ठेवले होते. जातीबाहेर लग्न न करण्याची सक्ती हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितले. ते अवघे 25 वर्षांचे होते. मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ऑफिसातला तुमचा रकाना शास्त्राच्या वहीत बसत नाही." मी म्हटले, बसत नाही, पण जोवर समाजात अन्याय त्या रकान्यानुसार होतो तोवर हक्कही त्यानुसारच मागावे लागतात. ती अजून विचार करते आहे. करू द्यावा.

मात्र एका ठिकाणी मी स्वतः अडखळलो, तेही सांगतो. माणसांच्या बाबतीत शुद्ध रक्त ही भाषा मला कधीच सहन होत नाही. आणि रानकोंबड्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ म्हणतात की त्याची शुद्ध बीजे टिकली पाहिजेत. हे कसे? थोडे खोलात गेल्यावर समजले. लाल रानकोंबड्याच्या नराची एक खास खूण आहे. विणीचा हंगाम संपला की त्याची मानेवरची सोनेरी पिसे गळतात, काही काळ आखूड काळसर पिसे येतात आणि तुरा आक्रसतो. घरच्या कोंबड्यात हे होत नाही. अमेरिकेतील पीटरसन आणि ब्रिस्बिन यांनी 1990 च्या दशकात संग्रहालयांतले जुने नमुने तपासले. तेव्हा दिसले की आग्नेय आशियाच्या टोकाकडून ही खूण हळूहळू नाहीशी होत गेली आहे. गावातल्या कोंबड्या रानात मिसळल्या, त्यांची संख्या कैकपट अधिक, आणि रानातला पक्षी दिसायला तसाच राहून आतून पाळीव होत गेला. भारताच्या बाजूला ही खूण सर्वांत जास्त काळ टिकली.

येथे कोणाचा दर्जा ठरवण्याचा प्रश्न नाही. रानात दिवस काढायचे तर भित्रेपणा लागतो, रोगाशी झुंजण्याची ताकद लागते, उन्हाळ्यात तग धरावा लागतो. हे गुण रानानेच त्याच्यात घडवले. अंगणात दाणे टिपून वाढलेल्या वंशात ते विरळ होतात. उद्या पाळीव कोंबड्यांवर एखादा नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे बीज शोधायला माणसाला याच रानात जावे लागेल. राखीच्या बाबतीत प्रजा कमी धरते ही त्याच्या दृष्टीने एक प्रकारची भिंतच आहे. पण ती पक्की भिंत नाही. असती तर आपल्या कोंबड्यांचे पाय पिवळे झाले नसते.

संकराहून जवळचे संकट रोगाचे आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावात आली की अख्खी खुराडी रिकामी होतात, आणि मेलेली कोंबडी नाल्यात फेकली तर तो रोग रानाकडे जाऊ शकतो. रानाच्या कडेच्या गावांत पिल्लांना लासोटाची लस वेळेवर मिळाली तर त्यात बाईच्या हातातल्या चार पैशांचेही रक्षण आहे आणि डोंगरातल्या पक्ष्याचेही. आमच्या महिला बचत गटांच्या बैठकीत कर्जाचे आणि सुधारित पिल्लांचे बोलणे होते. लसीचे बोलणे शेवटी उठता उठता होते. हा अनुभव आमच्याच तालुक्याचा आहे असे नाही. आणि मेलेली कोंबडी पुरावी, हे सांगायला कोणा डॉक्टरची गरज नसावी.

मामांनी हे सर्व ऐकून घेतले. लाइफ अँडरसन हे नाव त्यांना दोनदा सांगावे लागले. मग ते म्हणाले, "पिवळ्या पायाची रानाकडची असते, हे आमची बुढी सांगे. पण तिले कोणी इचारलं नाही."

त्यांच्या अंगणात सात कोंबड्या आहेत. मुलीने वहीत नोंद केली. चार पिवळ्या, दोन सलेटी, एक हिरवट. दिवस मावळताना मामींनी त्या मोजून खुराड्यात घातल्या. डोंगराच्या अंगाला रान आहे, रातच्याला बाहेर काही ठेवत नाही, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला पहाटेच उठवले. बाहेर अजून अंधार होता. नाल्यापलीकडच्या टेकडीवरून तुटक आवाज आला. कुक् काया काया कुक्. मुलगी दारातच थांबली. खुराड्यातला कोंबडा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग आपल्या नेहमीच्या लांब सुरात आरवला. टेकडीवरून पुन्हा उत्तर आले नाही.